घाट उतरल्यावर चाक का धरतं?

प्रश्न : माझ्याकडे 2011ची डिझेल इंडिका आहे. नेकनूरहून बीडला आठवड्यातून एखादी खेप होतेच. मांजरसुंब्याचा घाट उतरून खाली आलो की पुढच्या डाव्या चाकाकडून जळका वास येतो. ब्रेकवर पाय नसतानाही गाडी डावीकडं ओढते. अर्धा तास उभी केली की चाक मोकळं होतं. मागच्या वर्षी पॅड बदलले होते. त्यातला आतला पॅड लोखंडाला टेकलाय, बाहेरचा मात्र अजून निम्मा शिल्लक आहे. मिस्त्री म्हणतात, दोन्ही कॅलिपर नवे टाका. पासिंग जवळ आलंय, त्यामुळं खर्चाला ना नाही. पण कॅलिपरच गेलाय हे ओळखायचं कसं? आणि एक कुतूहल : पुढं डिस्क आणि मागं ड्रम, अशी भानगड कशासाठी?
— एक वाचक, नेकनूर (जि. बीड)

उत्तर : मिस्त्रींचं म्हणणं खोटं ठरेलच असं नाही, पण तुमच्या पत्रावरून तरी ते नीट खोलून न पाहता सांगितलेलं वाटतं. चाक धरून ठेवणारा दोष तीन ठिकाणी असू शकतो : कॅलिपरच्या पिना, कॅलिपरचा पिस्टन आणि कॅलिपरला तेल पोचवणारा रबरी होज पाइप. यातल्या पिना किंवा होज दोषी असेल, तर नव्या कॅलिपरवर खर्च करायचं कारणच उरत नाही. होज खराब असताना कॅलिपर बदलला तर नवाही तसाच धरणार.

इंडिकाच्या पुढच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तुम्ही ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबानं तो पिस्टन आतला पॅड डिस्कवर टेकवतो. पॅड टेकला की त्याच जोरानं कॅलिपरचा सांगाडा दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढला जातो. पाय उचलल्यावर पिस्टन मागं घ्यायला स्प्रिंग वगैरे काही नसतं. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं एक रबरी सील असतं. दाबाखाली ते किंचित पिळवटतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाइतकं मागं घेतं. चाक मोकळं राहणं एवढ्याशा हालचालीवर अवलंबून आहे. त्यामुळं पिस्टनला थोडा गंज लागला किंवा पिनेवरचं ग्रीस वाळून घट्ट झालं, तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

आता घाटाचं काय ते पाहू. माणसं आणि सामान धरून तुमची गाडी साधारण 1300 किलोची मानू. ताशी 60 किलोमीटरवरून ती एकदा पूर्ण थांबवली की ब्रेकमध्ये सुमारे 180 किलोज्यूल उष्णता तयार होते. एवढ्यात पाच-सहा कप चहाचं आधण येईल. आणि घाटात दर 100 मीटर उंची खाली येताना गाडीला वेग धरू द्यायचा नसेल, तर असं सात वेळा थांबण्याइतकी उष्णता कुठंतरी जिरवावी लागते. घाट खालच्या गिअरमध्ये उतरलात तर तिचा बराच वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलवर उतरलात तर सगळा भार ब्रेकवर. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. त्यांच्या गाडीचं चाक तापलं तर मला नवल वाटत नाही.

तुमच्या पत्रातल्या खुणा मात्र दोन दिशांना बोट दाखवतात. एकच पॅड संपणं ही बहुधा अडकलेल्या पिनांची खूण, कधी पिस्टनची. थांबल्यावर चाक आपोआप मोकळं होणं हे होजकडं किंवा पिस्टनकडं जातं. याचा निवाडा एका छोट्या परीक्षेत होतो, फक्त ती चाक धरलेलं असतानाच करावी लागते. म्हणून घाट उतरून वास आला की गार होऊ न देता गाडी थेट बीडच्या गॅरेजवर न्या. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकसोबत खाली स्टँड. चाक हातानं फिरवून बघा. जड फिरत असेल तर मिस्त्रींना कॅलिपरचं ब्लीडिंग निप्पल अर्धा आटा सैल करायला सांगा. तेल गरम असतं, तोंड बाजूला ठेवा. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता. एकच चाक धरत असेल तर चोर बहुतेक होज. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतला थर फुगून वाट बुजवतो. पायाच्या जोरानं तेल पुढं जातं, परत यायला मात्र जोर नसतो. दोन्ही बाजूंची चाकं धरत असतील, तर मास्टर सिलिंडरकडं वळा.

निप्पल सोडूनही चाक घट्टच राहिलं, तर दोष कॅलिपरमध्ये आहे. पॅड काढा. पिना बोटांनी सरकल्या पाहिजेत. अडत असतील तर बाहेर काढून स्वच्छ करा आणि फक्त ब्रेकचं रबर ग्रीस लावून बसवा. साधं चेसिस ग्रीस इथं चालत नाही, त्यानं रबर फुगतं. मग तेलाच्या डबीचं झाकण उघडून, डबी भरलेली असेल तर थोडं तेल काढून घेऊन, सी-क्लॅम्पनं पिस्टन हळूच मागं दाबा. सारख्या जोरानं गेला तर ठीक. अडखळत गेला तर धूळ अडवणारं रबर उचलून पिस्टनचं अंग बघा. वरवरचा डाग असेल तर सीलचं किट टाकून भागतं. खड्डे पडले असतील किंवा वरचा मुलामा उडाला असेल, तर किटचे पैसेही वाया जातील. सील सिलिंडरच्या खाचेत बसून पिस्टनच्या अंगावर घासतं, त्यामुळं पिस्टन खरखरीत असला तर नवं सीलही टिकत नाही. तेव्हा मात्र मिस्त्रींचं ऐका.

एक सवय मात्र सोडायला सांगा. चाक खोलल्यावर ब्रेकची धूळ फुंकणं किंवा हवेच्या पाइपनं उडवणं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसावं.

कॅलिपर बदलायचाच ठरला तर पॅड आणि किट दोन्ही बाजूंना टाका. दोन्हींकडची पकड सारखी नसेल, तर ब्रेक मारताना गाडी जास्त पकडणाऱ्या बाजूला वळते. होज पंधरा वर्षांचे आहेत, तेही जोडीनं बदला. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टच्या तांब्याच्या वायसर नव्याच घ्या. डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसला तर निप्पल खाली येतं आणि कितीही पंप केलं तरी आतली हवा निघत नाही. ब्रेक नरम लागतो म्हणून मास्टर सिलिंडरही बदलायची वेळ येते आणि चूक मात्र समोरच असते. बसवल्यावर निप्पल वरच्या टोकाला आहे ना, हे स्वतः बघा.

तेल बंद डबीतलं, गाडीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं घ्या. डॉट 3 नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट 4 किमान 230ला. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा अनुक्रमे 140 आणि 155 वर येते. मग घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकूनही टाकू नका, त्यानं सगळी सीलं फुगून जातात आणि पूर्ण यंत्रणा खोलावी लागते.

काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागं गेलेला असल्यानं पहिला ब्रेक थेट तळाला जातो. मग मोकळ्या रस्त्यावर 50च्या वेगावरून 10पर्यंत, मध्ये थोडं गार होऊ देत, काही वेळा ब्रेक लावा. नवे पॅड बसेपर्यंत घाटाची वाट धरू नका.

आता तुमचं कुतूहल. डिस्कची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टरनं बर्मिंगहॅममध्ये 1902 साली तिचं पेटंट घेतलं, पण त्याचे तांब्याचे पॅड भयंकर किंचाळायचे. 1953 साली जॅग्वारनं डिस्क ब्रेक लावून ले मॉंची शर्यत जिंकली आणि 1955च्या सिट्रोएन डीएसमुळं ते मोठ्या संख्येनं बनणाऱ्या मोटारीत आले. डिस्क उघड्या हवेत असते, लवकर गार होते, म्हणून ती पुढं. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढं झुकतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. मागं कमी ताकद पुरते, आणि हँडब्रेकची तार ड्रमला जोडणं सोपं व स्वस्त पडतं, म्हणून तिथं ड्रम. पण मागचे व्हील सिलिंडर जाम असतील तर सगळा भार पुढच्या डिस्कवर पडतो. तुमचं चाक एवढं तापतं त्यात त्यांचाही वाटा असू शकतो. खर्च करतच आहात, तर मागचे ड्रमही एकदा उघडून लायनर बघा. हँडब्रेक फार वर येत असेल तर तोही घट्ट करून घ्या. पासिंगचं म्हणाल तर, खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क 1 एप्रिल 2022ला 600 रुपयांवरून 5000 झालं आणि ती पाच वर्षांसाठीच मिळते. आरटीओत तपासणीला जाल तेव्हा हँडब्रेकही बघितला जातो.