न मिटणारे दार

मावळातील लोहगडवाडी हे गाव लोहगडाच्या पायथ्याशी वसले आहे. गड चढू लागले, की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. योग्य वेळी दरवाजा मिटला, तरच गड सुरक्षित राही.

मनुष्याच्या शरीरातही अशी सूक्ष्म दारे असतात. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी आहेत. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली, की या पेशींच्या आवरणातील पोटॅशियमची दारे मिटतात. मग पेशी इन्सुलिन बाहेर सोडतात व साखर आटोक्यात येते.

परंतु क्वचित एखाद्या बालकाच्या बाबतीत हे दार घडविणाऱ्या जनुकातच दोष असतो. दार मिटत नाही. इन्सुलिन पेशीतच अडकून राहते. मग जन्मानंतर सहा महिन्यांच्या आतच बहुधा मधुमेह दिसू लागतो. पूर्वी हा बालवयातील नेहमीचाच मधुमेह समजला जाई आणि रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. वस्तुतः नेहमीच्या बालमधुमेहात या पेशी नष्ट होतात. येथे त्या जिवंत असतात.

इंग्लंडमधील एक्झेटरच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा दोष शोधून काढला. सल्फोनिलयुरिया या जुन्या औषधाच्या गोळीने ते दार मिटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांना ते औषध दिले, तेव्हा ४४ जणांची सुई सुटली!

हा दोष रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातून ओळखता येतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या संस्थेने भारतात अशा तपासणीचे काम केले आहे. नेहमीचा बालमधुमेह ओळखण्यासही जनुके साहाय्य करतात, हे पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी व एक्झेटर येथील संशोधकांनी २०२० साली भारतीय रुग्णांत दाखवून दिले.

तथापि, स्वतःच्या मनाने सुई बंद करणे घातक होय. ज्याच्या पेशीच नष्ट झाल्या आहेत, त्याचे प्राण इन्सुलिनवाचून वाचत नाहीत. गडावर पहारेकरीच उरले नाहीत, की केवळ दरवाजा मिटत नाही, हे आधी पारखावे; मगच उपाय योजावा.

स्वाध्याय
१. दार न मिटल्यास इन्सुलिनचे काय होते?
२. तपासणीपूर्वी सुई बंद करणे घातक का?