ताण्यातला दोष

शास्त्रपाठ : लेवीय 13:47-59, गणना 5:5-7, मत्तय 5:23-24

लेवीयाचा तेरावा अध्याय आपल्या कुटुंबप्रार्थनेत सहसा वाचला जात नाही. त्यात महारोगाची लक्षणे आहेत, याजकाने रोग्याला कसे तपासावे याचे नियम आहेत, आणि शेवटी कापडाला लागलेल्या चट्ट्याविषयी तेरा वचने आहेत. वाचणाऱ्याला वाटते, हे इस्राएल लोकांसाठी होते, आपल्याला याचे काय? मीही वेदान्तशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना हा भाग परीक्षेपुरताच वाचला होता. परंतु कडोदऱ्यात यंत्रमागावर वीस वर्षे काढल्यावर एके दिवशी याच वचनांनी मला धरले. ते कसे, ते या पाठात सांगावयाचे आहे.

कडोदरा हे सुरतेहून बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग याच चौकात त्या रस्त्याला छेदतो. नवापूर, साक्री, धुळे या बाजूने पोटासाठी निघालेला आपला माणूस बहुधा याच वाटेने सुरतेत शिरतो. आजूबाजूला यंत्रमागांचे कारखाने, रंगाई-छपाईच्या गिरण्या, आणि थोडे पुढे गेले की उसाचे मळे. मागावर काम करणारे पुष्कळसे कारीगर ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे. आमची मराठी प्रार्थनासभा एका भाड्याच्या खोलीत, ज्यांची रविवारी पाळी नसते त्यांच्यासाठी भरते. तेथे मी वचन सांगतो, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस बीमचे धागे वहीतून आणि फणीतून ओवतो. इचलकरंजीकडे या कामाला वहिफणी म्हणतात.

विणकराच्या धंद्याचा पवित्र शास्त्राला विटाळ नाही, उलट जिव्हाळा आहे. बसालेल व अहलियाब यांना देवाने जे कौशल्य दिले त्यात विणकामही होते (निर्गम 35:35). ईयोबाला आपले दिवस धोट्यापेक्षा वेगाने जाताना दिसले (ईयोब 7:6). हिज्कीया राजा आजारातून उठल्यावर म्हणाला की विणकराने कापड गुंडाळून मागावरून कापून काढावे तसे माझे आयुष्य होत होते (यशया 38:12). आपल्या नगरलाही अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हातमाग सुधारण्यासाठी खटपट केली, हे जुन्या लोकांना ठाऊक असेल. मिशनच्या माणसाला मागाशी बसणे कमीपणाचे वाटले नाही.

येथे एक गोष्ट मनातली सांगतो. गालिच्याची उलटी बाजू गाठींची आणि सुलटी बाजू नक्षीची, तसे आपले जीवन देवाला वरून सुंदर दिसते, हा दाखला मी इतक्या उपदेशांत ऐकला आहे की आता तो ऐकवत नाही. आम्ही विणतो त्या साध्या साडीच्या कापडाला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. जे वरून वाईट, ते खालूनही वाईट.

आता वचनाकडे येऊ. मोशेच्या नियमात म्हटले आहे की चट्टा कापडाच्या ताण्यात असो किंवा बाण्यात असो, ते याजकाला दाखवावे. ताणा म्हणजे लांबीचे धागे, जे बीमवरून येतात. बाणा म्हणजे धोट्यातून आडवा जाणारा धागा. शास्त्राने हे दोन शब्द वेगळे का घातले असावेत याचे पंडित काय कारण देतात ते राहू द्या. मागावर त्यांचा फरक असा आहे. बाण्याचा दोष आडवा असतो. कांडी संपली, धागा तुटला, कारीगराला क्षणभर डुलकी लागली, की तेथे एक आडवी रेघ पडते, आणि पुढचे कापड पुन्हा नीट येते. ताण्याचा दोष तसा नसतो. फणीच्या एका घरात दोन धाग्यांऐवजी तीन गेले आणि शेजारच्या घरात एकच राहिला, तर त्या जागी उभी रेघ सुरू होते व बीम संपेपर्यंत सोबत करते. कोऱ्या कापडावर ती डोळ्याला फारशी जाणवत नाही. कापड रंगाईला जाऊन आले की ती उठून दिसते.

असेच एक कापड रंगाईहून परत आले. साऱ्या ताक्यांवर एक उभी रेघ. शेठ संतापले. माग चालवणारा गंजामचा एक तरुण होता, वय बावीस-तेवीस असेल. ताण्याचा धागा विणताना तुटला तर कारीगर तो सांधून पुन्हा फणीतून घेतो; त्याने तो चुकीच्या घरात घेतला तर पुढे अशीच रेघ पडते. शेठनी मला बोलावून विचारले, “मास्तर, तुम्ही देवाचे माणूस, खोटे बोलणार नाही. चूक कोणाची?”

मी म्हणालो, “धागा सांधताना चुकला असेल.”

वाचकहो, ‘असेल’ हा शब्द पाहा. तो खोटा नव्हता. मी ताके उलगडून पाहिले नव्हते एवढेच. मुलाचे दीड हजार रुपये कापले गेले. तो काही वेळ उभा राहिला, मग मागावर गेला.

शनिवारी संध्याकाळी कामावरून निघताना त्या बीमचा पहिला ताका हाताशी आला. कारीगराची चूक असती तर रेघ मध्येच कोठेतरी, जेथे धागा तुटला तेथून सुरू झाली असती. मी ताक्याचे अगदी पहिले टोक उघडले. पहिल्या वितीतच रेघ होती. म्हणजे माग सुरू होण्याआधीच दोष भरला गेला होता, आणि त्या बीमचे धागे मी ओवले होते.

मी ताका पुन्हा घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सभेत मला लूक 16:10 वर बोलावयाचे होते, थोडक्यात विश्वासू असण्याविषयी. ते मी बोललो. लोकांना बरे वाटले, एका भगिनीने तसे सांगितलेही.

लेवीयाच्या त्या वचनांत याजकाला कापड सात दिवस बंद करून ठेवावयास सांगितले आहे. सात दिवसांनी पुन्हा पाहावे. चट्टा पसरला असेल तर जाळावे. धुतल्यावर फिका पडला असेल तर तेवढा भाग फाडून काढावा. नाहीसा झाला तर पुन्हा धुवावे. यातील पहिली पायरी मला फार आवडली, कारण मीही सात दिवस बंद करून ठेवले! फक्त याजक पाहण्यासाठी बंद करीत असे, मी न पाहण्यासाठी. या सात दिवसांत दोष माझ्या आत पसरत गेला. मुलाला पाहिले की मी दुसऱ्या रांगेने जाऊ लागलो. तो निष्काळजी आहे असे मला खरेच वाटू लागले; त्याच्या इतर चुका आठवू लागल्या. बाण्याचे पाप मनुष्याला लवकर कळते. रागाच्या भरात शब्द गेला, रात्री लाज वाटते. पण ‘मी प्रामाणिक म्हणून ओळखला जातो’ हा धागाच ज्याच्या फणीत चुकीच्या घरात गेला आहे, त्याचा प्रत्येक वार त्याच रेघेने विणला जातो, उपदेशसुद्धा.

सुटका कशी झाली हे विचाराल तर काही दर्शन घडले नाही. पुढील रविवारच्या पाठासाठी मत्तय 5:23-24 निघाले. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जाण्याची ती आज्ञा आहे. मी शास्त्र मिटले आणि दुसरा पाठ शोधू लागलो. शोधताना गणना 5 मध्ये आलो. तेथे अपराध कबूल करावा, नुकसान पूर्ण भरावे आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे आहे. दीड हजाराचा पाचवा हिस्सा तीनशे. बेरीज करून झाल्यावर मग पळवाट राहिली नाही.

सोमवारी मी शेठना सांगितले. ते हसले. म्हणाले, “मास्तर, हिशेब झाला. पोरगाही शुक्रवारी काम सोडून गेला. कशाला उकरता?” पैसे मीच द्यावयाचे ठरवले होते, त्यामुळे त्यात अडचण नव्हती. अडचण पैशांपलीकडे होती. त्याचे नाव गेले होते. ज्या नावाला नीतिसूत्रे 22:1 धनापेक्षा वरचे म्हणते, ते अठराशे रुपयांत परत येत नाही. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे लोक समोर असताना मी मोठ्याने सांगितले की ती रेघ माझ्या हातची होती. कोणी माग थांबवला नाही. अर्ध्यांना ऐकूही गेले नसेल. यंत्रमागाच्या आवाजात कबुलीही ओरडून द्यावी लागते.

तो महामार्गापलीकडच्या एका कारखान्यात लागला होता. बुधवारी मी त्याला त्यांच्या मेसमध्ये गाठले. तो जेवत होता. मी हिंदीत सारे सांगितले, अठराशे पुढे ठेवले, आणि वरचे तीनशे का ते सांगितले. त्याने डाव्या हाताने पैसे घेऊन खिशात घातले आणि विचारले, “तुम्हांला कळले कधी?”

“शनिवारी.”

“गेल्या?”

“त्याच्या आधीच्या.”

तो जेवत राहिला. मला क्षमा मिळाली असे मी लिहू शकत नाही, कारण त्याने तसे म्हटले नाही. जक्कयाच्या गोष्टीत (लूक 19:8) ज्यांना चौपट परत मिळाले ते पुढे काय म्हणाले हे लूकाने लिहिलेले नाही, हे मला तेव्हा प्रथम लक्षात आले. ताट धुऊन आल्यावर तो म्हणाला, “येथल्या मुकादमालाही कोणीतरी सांगितले आहे की मी धागा चुकवतो. त्याला येऊन सांगाल?”

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मी गेलो. मुकादमाने सारे ऐकून घेतले, मान डोलावली, मुलाकडे एकदा पाहिले, आणि मग मला विचारले, मी बाहेरचे बीम ओवण्याचे काम घेतो का, आणि एका बीमचे किती.