तुकोबारायांचा दुष्काळ

देवावर भरवसा ठेवा, हे सांगणे फार सोपे आहे. सांगणारा जेवून आलेला असतो आणि ऐकणाऱ्याच्या घरी चूल पेटलेली नसते, एवढाच काय तो फरक! म्हणून वारकरी बंधुभगिनींनो, हा विषय घेताना आधी तुकोबारायांच्या घरात जाऊन पाहू.

शके १५५२, म्हणजे इ. स. १६३० साली पावसाने दगा दिला. गुजरात, खानदेश आणि दख्खन, सगळा मुलूख होरपळला. आमच्या खांडबाऱ्यावरून आज सुरत-भुसावळ गाडी जाते. त्या काळी सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारी व्यापारी वाट याच टापूतून, नवापूर-नंदुरबारकडून जात असे. त्या साली पीटर मंडी नावाचा कंपनीचा इंग्रज या वाटेने गेला. रस्त्याच्या कडेला प्रेतेच प्रेते पडली होती, दुर्गंधीने श्वास घेववत नव्हता, असे त्याने लिहून ठेवले आहे. शहाजहान बादशहा तेव्हा दक्षिणेच्या लढाईसाठी बऱ्हाणपुरात होता. पुढच्या वर्षी त्याची बेगम मुमताज तिथेच बाळंतपणात वारली. मृत्यूने बादशहाचे घरही सोडले नाही, हे खरे. पण भुकेने मेला तो गरीबच.

याच दुष्काळाने देहूचे वाण्याचे घर मोडले. आईवडील आधीच गेलेले, थोरले बंधू सावजी घर सोडून निघून गेलेले. दुकानाचे दिवाळे निघाले. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतोबा गेला. रखमाबाईचे मरण तर महाराजांनी स्वतःच्या अभंगात स्वतःच सांगितले आहे, आणि त्यासोबत आपल्याला लाज वाटली, दुःखाने जीव त्रासला, हेही झाकून ठेवलेले नाही. आता विचार करा. ज्यांच्या नावाने आपण टाळ वाजवतो, ते रडले. मग तुमच्याआमच्या घरची माय रडली तर तिचा विश्वास कमी पडला, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? वाल्मीकींचा राम तर सीतेसाठी रानातल्या झाडांना विचारत फिरला. तो अवतार ना?

पण आपण काय करतो? लेकरू गेलेल्या घरी जातो आणि बसल्या बसल्या प्रारब्धाची पोथी उघडतो. मागच्या जन्मीचे भोग, देवाची इच्छा, रडू नको! शास्त्र खोटे नाही हो, मी जन्मभर तेच शिकलो. पण वैद्याचे औषध खरे असले तरी ते केव्हा द्यावे आणि किती द्यावे, यालाही शास्त्रच आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंतीने श्रीकृष्णाजवळ विपत्तीच मागितली, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडते. हा दाखला आम्ही कीर्तनकार मोठ्या हौसेने देतो. परंतु कुंतीने ती स्वतःसाठी मागितली. शेजारणीच्या पदरात घालण्यासाठी मागितली नाही, हे सांगायचे मात्र राहून जाते.

तुकोबांचेही तसेच. ते भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले, आणि दोघे इंद्रायणीच्या काठी आले. वडिलांच्या वेळची कर्जाची खते काढली. महाराजांनी अर्धी कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. ज्या कुळांकडून येणे होते त्यांच्या घरीही दुष्काळच होता. उपाशी माणसाकडे तगादा लावायचा तो काय? महाराजांनी यापुढचा भार विठ्ठलावर टाकला तो असा, की त्यात दुसऱ्याचीही मान मोकळी झाली. पण भावाला म्हणाले नाहीत, की बाबा, तूही बुडव. कान्होबांना संसार होता, त्यांचा वाटा त्यांच्याकडे राहिला. देहूचे पडके देऊळ महाराजांनी दुरुस्त केले ते यानंतरचे.

आणि जिजाई? तिला आपण कीर्तनात हसण्यावारी नेतो, ते मला पटत नाही. पोरे उपाशी आणि धनी डोंगरावर. त्या बाईने बोलायचे तरी कोणाला? ती विठोबालाच बोलली, काळ्या म्हणून शिव्या दिल्या. तिने विश्वास धरला, असे काही कोणी सांगत नाही. पण भाकरी घेऊन डोंगर चढताना तिच्या पायात काटा रुतला, तेव्हा तो काढायला कोण आले, ते संप्रदायात लहान पोरालाही ठाऊक आहे. देवाने आधी शिव्यांचा हिशेब मागितला नाही. खाली बसला, पाय हातात घेतला आणि काटा काढला.