जमिनीवरचे विमान

विज्ञानाच्या तासाला करून पाहण्याजोगा एक सोपा प्रयोग आहे. फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्यास बसवावे, त्याचे डोळे रुमालाने बांधावे आणि खुर्ची एकसारख्या गतीने उजवीकडे फिरवीत राहावे. आपण कोणत्या बाजूस फिरत आहोत, हे त्याने बोटाने दाखवावयाचे. प्रारंभी तो बरोबर दाखवितो. पंधरा-वीस सेकंदांनंतर मात्र त्याचे बोट घोटाळते. खुर्ची थांबली, असे त्याला वाटू लागते. वस्तुतः ती फिरतच असते. आता खुर्ची खरोखर थांबवावी. तो निःशंकपणे सांगतो, “मी डावीकडे फिरतो आहे!” भोवतालची मुले हसतात आणि डोळ्यांवरची पट्टी काढली की तोही हसतो.

वर्गात हसण्यावारी जाणाऱ्या ह्याच चुकीने अनेक कुशल वैमानिकांचे प्राण घेतले आहेत. ती का घडते आणि ती टाळण्यास मनुष्य कसा शिकला, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

आपल्या कानाच्या अंतर्भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत एक द्रव भरलेला असतो. डोके फिरले की नलिका फिरतात, परंतु द्रव क्षणभर मागे राहतो. पाण्याने भरलेला तांब्या एकदम फिरविला तर आतले पाणी लगेच फिरत नाही, तसाच हा प्रकार आहे. मागे राहिलेल्या द्रवामुळे नलिकेतील सूक्ष्म केस वाकतात आणि आपण फिरत आहोत, असा निरोप मेंदूला पोचतो. फिरणे एकसारखे चालू राहिले म्हणजे द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो. केस सरळ होतात आणि निरोप बंद पडतो. पुढे फिरणे थांबले की द्रव मात्र पुढे धावतो आणि उलट दिशेचा खोटा निरोप जातो. शिवाय फिरणे फारच मंद असले, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन अंशांहूनही कमी असले, तर निरोप मुळीच जात नाही. जमिनीवर वावरणाऱ्या प्राण्याला एवढी व्यवस्था पुरते. कारण कानाची चूक डोळे तत्काळ दुरुस्त करतात.

ढगात शिरलेल्या वैमानिकाचे डोळे मात्र बांधल्यासारखेच असतात. वर, खाली, आजूबाजूस सर्वत्र तोच पांढरा पडदा. अशा वेळी विमानाचा एक पंख हळूहळू खाली झुकतो आणि विमान वळू लागते. वैमानिकास ते जाणवतच नाही. वळता वळता विमान उंची गमावते. आपण सरळच जात आहोत आणि केवळ नाक खाली गेले आहे, अशी समजूत होऊन तो विमान वर खेचतो; त्याने वळण अधिकच घट्ट होते आणि विमान गोल गोल फिरत वेगाने खाली येऊ लागते. एखाद्याने पंख खरोखर सरळ केलेच, तर त्याचे शरीर त्याला सांगते की, तू आता उलट बाजूस कलला आहेस! मग बरोबर झालेली गोष्ट तो आपल्या हातांनी पुन्हा बिघडवितो.

ह्यावर तोड निघाली ती आपल्या ओळखीच्या भोवऱ्यातून. वेगाने फिरणारा भोवरा आपल्या आसाची दिशा सहसा सोडीत नाही. विमान कसेही कलले तरी आत बसविलेला भोवरा स्थिर राहील आणि त्यावरून जमिनीची पातळी कळेल, ह्या तत्त्वावर ‘कृत्रिम क्षितिज’ नावाचे उपकरण तयार झाले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्ड येथे जेम्स डूलिटल ह्या वैमानिकाने आपल्या आसनावर आच्छादन ओढून घेतले आणि बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले, वळविले व पुन्हा जमिनीवर उतरविले. प्रसंग पडलाच तर विमान सांभाळण्यासाठी पुढील आसनावर बेन केल्सी हा दुसरा वैमानिक बसला होता; पण त्याला विमान हाती घ्यावे लागले नाही.

परंतु उपकरण जवळ असणे निराळे आणि त्याचे ऐकणे निराळे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अशा उड्डाणाचे शिक्षण न घेतलेल्या वीस जणांची परीक्षा घेण्यात आली. बाहेरचे दृश्य त्यांना दिसणार नाही, अशी व्यवस्था केली होती. समोर उपकरणे असूनही विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. सरासरीने पाहता ते केवळ १७८ सेकंद टिकले. म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नव्हेत! शरीर ओरडून एक सांगत असता उपकरणाचा काटा मुकाट्याने दुसरे सांगतो. त्या वेळी काट्याचे ऐकावयाचे, ही सवय लावून घ्यावी लागते. ती आकाशातच लावावयाची म्हटले, तर पहिली चूक हीच शेवटची ठरण्याचा धोका.

तेव्हा ही पाठशाळा जमिनीवरच हवी होती. तसे प्रयत्न पूर्वीही झाले होते. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिक्षणासाठी पिंपाचे अर्धे भाग एकावर एक बसवून डोलणारे आसन केले होते. बाहेरचे मदतनीस ते हलवीत आणि शिकाऊ वैमानिक तोल सावरी. परंतु खरे यश आले ते एडविन लिंक ह्या अमेरिकन तरुणाला. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवेचे भाते कसे फुगतात आणि कसे मिटतात, हे लिंकने लहानपणापासून पाहिले होते. आपल्याकडे भजनाला बाजाची पेटी वाजविणाराही भाता चालवितोच. त्याच भात्यांवर लिंकने एक लहानसे लाकडी विमान बसविले. एका बाजूचा भाता फुगला व दुसऱ्या बाजूचा मिटला की विमान कले. आतल्या विद्यार्थ्याने दांडा हलविला की भात्यांतील हवा कमी-अधिक होई आणि विमान त्याप्रमाणे हाले. १९२९ मध्ये हे यंत्र सिद्ध झाले. पुढे त्यात उपकरणे आली आणि वर झाकण आले. झाकण मिटले की विद्यार्थी अंधाऱ्या ढगात शिरला म्हणावयाचा. शेजारच्या मेजावर शिक्षक बसे. तेथे तीन चाकांचे एक छोटे यंत्र नकाशावर शाईची रेघ ओढीत चाले. विद्यार्थी कोठे भरकटला, हे त्या रेघेवरून स्पष्ट दिसे.

गंमत अशी की, ह्या यंत्राला पहिले गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांतून. विमानविद्येच्या जाणत्यांना ते खेळणेच वाटले. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम एकाएकी येऊन पडले. दिवस हिवाळ्याचे, धुक्याचे आणि वादळांचे होते. उपकरणांवर उडण्याचा पुरेसा सराव नसल्याने अपघात होऊ लागले आणि थोड्याच आठवड्यांत दहांहून अधिक वैमानिक प्राणांस मुकले. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक वैमानिक त्याच्या यंत्रांवर शिकून तयार झाले. खेळणे म्हणून हिणविलेली वस्तू विद्यालय ठरली!

येथवर वाचून कोणी म्हणेल, उपकरणाचे ऐकावे, एवढेच ना तात्पर्य? तेवढेच नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ नावाचे बोइंग ७४७ विमान दुबईकडे निघाले. किनारा ओलांडून अरबी समुद्रावर येताच खाली काळोख होता. मुख्य वैमानिकापुढचे कृत्रिम क्षितिज बिघडले आणि विमान सरळ असतानाही ते उजवीकडे कलल्याचे दाखवीत राहिले. त्याने विमान डावीकडे कलविले, ते कलतच गेले. दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. पडताळून पाहण्यास दुसरी उपकरणे त्याच कक्षात होती. फ्लाइट इंजिनियरने सावधही केले होते. परंतु अवधी फारच थोडा होता. म्हणून वैमानिकास केवळ एका काट्यावर विसंबण्यास नव्हे, तर अनेक काट्यांची साक्ष एकमेकींशी ताडून पाहण्यास शिकवावे लागते. एक साक्षीदार चुकू शकतो. तो शरीर असो की यंत्र असो.

आजची शिक्षणयंत्रे, ज्यांना सिम्युलेटर म्हणतात, ती सहा पायांवर उभी असलेली एक खोलीच असते. आत खऱ्या विमानाचा कक्ष जसाच्या तसा असतो आणि खिडकीबाहेर संगणकाने रंगविलेले आकाश दिसते. विमान वेग घेत आहे, असे भासवावयाचे असेल तेव्हा ही खोली हळूच मागे कलवितात. आतल्या माणसाला आपण पुढे ढकलले जात आहोत, असेच वाटते. ज्या कानाच्या दोषाने वैमानिक मरत होते, त्याच दोषाचा उपयोग आज त्यांना शिकविण्यासाठी होतो! इंजिन बंद पडणे, आग लागणे, उपकरण खोटे बोलणे अशी सर्व संकटे येथे मुद्दाम निर्माण करतात.

आपल्यापैकी कित्येक विद्यार्थी घरच्या संगणकावर विमान उडवीत असतील. मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा त्यांतील प्रसिद्ध खेळ १९८२ मध्ये निघाला. अशा खेळाने उपकरणे वाचावयाची गोडी लागते, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र एक लक्षात असू द्यावे : घरची खुर्ची स्थिर असते, तेथे कान फसत नाही. ढगातल्या वैमानिकाची खरी झुंज स्वतःच्याच खात्रीशी असते आणि ती पडद्यावर दिसत नाही.

लिंकच्या लाकडी पेटीचे महत्त्व हेच की, तिने मनुष्याला चुकण्यासाठी एक निर्भय जागा दिली. तेथे विमान शंभर वेळा आदळले तरी झाकण उघडून विद्यार्थी सुखरूप बाहेर येई, शाईची रेघ पाही आणि आपण कोठे चुकलो, हे समजून घेऊन पुन्हा आत बसे. शाळेतील उजळणीची वही ह्याहून फार निराळी नाही. तीत शिक्षकांनी ओढलेल्या तांबड्या रेघा लपविण्यासाठी नसतात. पुढे झाकण नसलेल्या आकाशात जावयाचे आहे, तोवर त्या नीट पाहून घ्याव्यात.