असल डिस्क आणि नक्कल

लक्ष्मी रोडवर पैठणी घेणारे जाणकार गिऱ्हाईक आधी पदर उलटा करते. हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी, यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे. डिस्कही तशीच उलटी करून पाहावी. कारखान्यात छापलेली चांदीसारखी, संगणकावर उतरवलेली बहुधा जांभळट. हा जांभळा रंगच चित्र धरून ठेवतो, आणि ऊन लागले की तो उडू लागतो!

चित्रपटाची मूळ डीव्हीडी पुष्कळदा दोन थरांची, 8.5 जीबीची असते. स्वस्त कोरी डिस्क 4.7 जीबीची. मग चित्र दाबून बसवावे लागते, म्हणून चेहरे फुटतात. 2007 मध्ये मोझर बेअर कंपनीने मूळ व्हीसीडी 28 व डीव्हीडी 34 रुपयांना आणली, तेव्हा नकलेत बचत ती किती राहिली?

काही बंधू म्हणतात, डिस्क मी विकत घेतली, नक्कलही माझीच. इस्लामी फिकह अकादमीने 1988 च्या कुवेत बैठकीत लेखन, शोध व व्यापारचिन्ह यांचे हक्क शरीअतने जपलेली मालमत्ता ठरवले आहेत. यंत्रमागाची साडी यंत्रमागाची सांगून विकणे हलाल धंदा आहे. डिस्कची नक्कल सांगून विकली तरी माल दुसऱ्याचाच.

कॉपीराइट कायद्याचे कलम 63 सहा महिने ते तीन वर्षे कैद व 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगते. महाराष्ट्राने 2009 मध्ये 1981 च्या स्थानबद्धता कायद्यातही व्हिडिओ पायरसी घातली. पेन ड्राइव्हमध्ये चित्रपट भरून देणाऱ्या दुकानदारालाही कलम 63 लागते.