रिकाम्या आकाशाचे छायाचित्र

उत्तरेकडील आकाशात सप्तर्षींचे सात तारे दिसतात. त्यांतील अत्री हा तारा इतरांहून मंद आहे. त्याच्या उत्तरेस थोड्या अंतरावर आकाशाचा एक इवलासा तुकडा आहे. शंभर मीटरांवर धरलेल्या टेनिसच्या चेंडूआड जेवढे आकाश लपेल, तेवढाच तो आहे. नुसत्या डोळ्यांना तेथे काळोखाखेरीज काहीही दिसत नाही. परंतु १९९५ सालच्या डिसेंबर महिन्यात हबल नावाची दुर्बीण सलग दहा दिवस याच काळोखाकडे दृष्टी लावून बसली होती.

ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवर राहून साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा घालत असे. इतक्या उंचीवर हवेचा अडथळा नसल्यामुळे तेथून तारे लुकलुकताना दिसत नाहीत. तथापि तिचा आरंभ मोठा दुर्दैवी ठरला होता. १९९० साली ती अंतराळात सोडल्यावर तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड किंचित अधिक घासली गेली आहे, असे आढळून आले. ही चूक केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाएवढीच होती. पण तेवढ्याने चित्रे अस्पष्ट येऊ लागली आणि जगभर तिची थट्टा झाली. अखेर १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिची दृष्टी सुधारली.

या दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून शास्त्रज्ञांची मोठी रांग लागलेली असे. बाल्टिमोर येथील ज्या संस्थेकडे तिचे काम होते, तिच्या संचालकाला मात्र थोडा वेळ स्वतःच्या अधिकारात वापरता येई. रॉबर्ट विल्यम्स हे तेव्हा संचालक होते. आपल्या वाट्याचा बराचसा वेळ त्यांनी जेथे काहीच दिसत नाही, अशा जागी खर्च करावयाचे ठरविले. अतिदूरच्या वस्तू इतक्या अंधूक असतील की हाती काहीच लागणार नाही, असे काही नामवंत खगोलशास्त्रज्ञांचे मत होते. चित्र कोरे आले असते तर जुनी थट्टा पुन्हा उफाळली असती, यात संशय नाही. तरीही विल्यम्स आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

१८ ते २८ डिसेंबर या काळात दुर्बिणीने पृथ्वीभोवती सुमारे दीडशे फेऱ्या घातल्या आणि त्या एका तुकड्याची ३४२ छायाचित्रे घेतली. यांतील कोणतेही एक चित्र पाहिले असते, तर पाहणाऱ्याची निराशाच झाली असती. सारे चित्र पांढऱ्या ठिपक्यांनी व ओरखड्यांनी भरलेले असे; आणि त्यांतील बहुतेक ठिपके ताऱ्यांचे नव्हतेच!

असे का व्हावे? या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. त्याच्या आत सिलिकनच्या पातळ चकत्या बसविल्या होत्या आणि प्रत्येक चकतीवर आठशे ओळींत आठशे-आठशे सूक्ष्म घरे होती. घरात जितका प्रकाश पडेल, तितका मोठा अंक त्या घराच्या नावे लिहिला जाई. परंतु अंतराळात विश्वकिरणांचे कण अहोरात्र भिरभिरत असतात. असा एखादा कण चकतीवर आदळला की त्या घराचा अंक एकाएकी फुगतो आणि चित्रात खोटा तारा उगवतो. शिवाय पूर्ण अंधारातही प्रत्येक घर थोडाफार अंक दाखवतेच. म्हणून कॅमेऱ्याची झडप मिटून निव्वळ काळोखाची चित्रे घ्यावी लागतात व ते अंक खऱ्या चित्रातून वजा करावे लागतात.

खोटे तारे ओळखण्याची रीत मोठी सरळ आहे. समजा, आकाशातील एकाच बिंदूचे पाच चित्रांतील अंक १२, १३, ११, ९४० आणि १२ असे आले. यांपैकी कोणता अंक टाकून द्यावा, हे मुलांना सांगावे लागणार नाही. तारा असता तर तो पाचही वेळा तेथेच दिसला असता. विश्वकिरण मात्र त्याच जागी पुन्हा सहसा येत नाही.

प्रत्येक दोष मात्र इतका सोपा नव्हता. सुमारे पाव हिस्सा चित्रांत पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड शिरून धुकट पट्टे उमटले होते. बिघडलेले चित्र निर्दोष चित्राशी जुळवून, दोहोंतील फरक काढून ते पट्टे पुसावे लागले. काही चित्रांतून एखादा कृत्रिम उपग्रह सरळ रेघ ओढून गेला होता. त्या रेघा माणसांनी डोळ्यांनी शोधून काढल्या.

यानंतर उरलेली चित्रे एकावर एक रचण्यात आली. शंभर चित्रे एकत्र केली तर ताऱ्याचा प्रकाश शंभरपट होतो, पण अंकांतील अनियमित चढउतार मात्र दहापटच वाढतो. त्यामुळे अंधूक वस्तू हळूहळू वर येते. येथे आणखी एक युक्ती योजली होती. दुर्बीण मधूनमधून जाणूनबुजून किंचित सरकवली जाई, त्यामुळे दरवेळी प्रकाश घरांच्या निराळ्या भागावर पडे. अँड्र्यू फ्रुक्टर आणि रिचर्ड हूक यांनी अशा सरकलेल्या चित्रांतील प्रत्येक घराचा प्रकाश एका लहान थेंबासारखा मानला आणि हे थेंब अधिक बारीक चौकटींच्या जाळीवर पडू दिले. या रीतीला त्यांनी रिमझिम पाऊस या अर्थाचे ‘ड्रिझल’ हे नाव दिले. शेकडो चित्रांची अशी रिमझिम झाली, तेव्हा एकाही चित्रात न दिसलेले बारकावे स्पष्ट झाले.

रंग तर सर्वांत शेवटी आले. कॅमेऱ्याला केवळ उजेड व अंधार कळत असे. निरनिराळे फिल्टर लावून घेतलेल्या चित्रांपैकी तीन निवडून त्यांना निळा, हिरवा व तांबडा रंग देण्यात आला आणि ती तिन्ही एकत्र करण्यात आली.

१५ जानेवारी १९९६ रोजी हे चित्र प्रसिद्ध झाले. त्या काळ्या तुकड्यात सुमारे तीन हजार दीर्घिका होत्या! दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह. त्यांतील अतिशय अंधूक दीर्घिका नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे चारशे कोटी पटींनी मंद होत्या. आपल्या आकाशगंगेतील सुटे तारे मात्र त्या चित्रात वीससुद्धा नव्हते. विल्यम्स यांनी सर्व अंक त्याच वेळी जगापुढे ठेवले, जेणेकरून कोणालाही ते पडताळून पाहता यावेत.

ते चित्र चौकोनी नाही. चार चकत्यांपैकी एक आकाशाचा लहानच भाग, पण अधिक मोठा करून पाहत असे. म्हणून चित्राचा एक कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला दिसतो. शेजारच्या दीर्घिका पाहून तो रंगवणे काही अवघड नव्हते. पण तेथील आकाश दुर्बिणीने पाहिलेच नव्हते, म्हणून तो काळाच ठेवला आहे.