वाचक दोन, मजकूर एक

बोलणाऱ्याचा कोंडाही विकला जातो आणि न बोलणाऱ्याचे गहूदेखील पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकतो. ही म्हण आजच्या आंतरजालावरील बाजारपेठेलाही लागू पडते. मात्र या नव्या पेठेत दुकानदाराला एकाशी नव्हे, तर दोघांशी बोलावे लागते. एक ग्राहक आणि दुसरे शोधयंत्र. शोधयंत्राने वाट दाखविली नाही, तर ग्राहक दारापर्यंत येत नाही. आणि दारी आलेल्या ग्राहकाचे समाधान झाले नाही, तर तो आल्या पावली परत जातो. या दोन्ही वाचकांना पटेल असा मजकूर कसा लिहावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्यार्थी मित्रहो, हा विषय तुमच्यापासून फार दूर नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी लहानमोठे दुकान, खानावळ किंवा कारखाना आहे. अशा घरात संकेतस्थळ काढण्याचे ठरले की, "तू शिकतोस ना? मग चार ओळी लिहून दे," असे म्हणून ते काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे सोपविले जाते. त्या चार ओळींवर घरातील चुलीचा थोडाबहुत भार असतो, हे ध्यानात ठेवून त्या लिहिल्या पाहिजेत.

यंत्र कसे वाचते?

जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी सुरू केले. पुढे संकेतस्थळांची संख्या इतकी वाढली की, हवे ते सापडणे दुरापास्त झाले. ही अडचण दूर करण्यासाठी जी शोधयंत्रे निर्माण झाली, त्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली स्थापन केलेले गूगल अग्रेसर ठरले. त्यांची मूळ कल्पना विद्वानांच्या जगातील होती. ज्या निबंधाचा आधार इतर अनेक निबंध घेतात, तो निबंध महत्त्वाचा मानला जातो. त्याच न्यायाने, ज्या पानाकडे इतर पानांवरून, विशेषतः प्रतिष्ठित पानांवरून, दुवे दिलेले असतात, ते पान महत्त्वाचे समजावे, असे त्यांनी ठरविले.

शोधयंत्राची कामे तीन. पहिले, एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्याकडे जात असंख्य पाने वाचून काढणे. दुसरे, कोणत्या पानावर काय आहे याची सूची करणे. एखाद्या ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही सूची. तिसरे, कोणी काही विचारले असता सूचीतील योग्य पाने क्रमाने मांडणे. ग्राहक प्रश्न विचारतो त्या क्षणी यंत्र सारे जग धुंडाळीत नाही. ते केवळ आपली सूची उघडते. म्हणून जी गोष्ट आपण पानावर लिहिलीच नाही, ती सूचीत सापडावी अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय. अलीकडे यंत्रे समानार्थी शब्द बऱ्याच अंशी ओळखू लागली आहेत आणि काही तर आयते उत्तरच तयार करून देतात. परंतु त्या उत्तराची सामग्रीही कोणीतरी लिहिलेल्या पानांवरूनच घेतलेली असते.

कुंद्याचे उदाहरण

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावात एक कुंद्याचे दुकान आहे. मालकांनी आपल्या संकेतस्थळावर लिहिले: "गुणवत्तेची परंपरा, विश्वासाचे नाते. आमचे येथे उत्कृष्ट दुग्धजन्य मिष्टान्ने मिळतील." वाक्ये शुद्ध आहेत, पण ती पेढ्याच्या दुकानालाही शोभतील आणि श्रीखंडाच्याही. त्यांत 'कुंदा' हा शब्दच नाही! ग्राहक 'दुग्धजन्य मिष्टान्न' असे कधी विचारतो काय? तो विचारतो, "कुंदा मुंबईला पाठवाल का?" "किती दिवस टिकेल?" "अर्धा किलो केवढ्याला?"

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, लेखणी उचलण्यापूर्वी वही घेऊन आठवडाभर दुकानात बसावे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावेत. जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, तेच आपल्या पानाचे पोटमथळे. दुकानात येणारा मनुष्य जे तोंडाने विचारतो, तेच दूरचा मनुष्य शोधयंत्राला विचारतो.

पानाचा मथळाही विचारपूर्वक द्यावा, कारण शोधयंत्राच्या यादीत ग्राहकाला प्रथम तोच दिसतो. नुसते 'कुंदा' म्हटले, तर ते मिठाईचे नाव की एखाद्या स्त्रीचे, हा संभ्रम यंत्राला पडू शकतो. 'बेळगावचा ताजा कुंदा: दर, वजन आणि घरपोच सोय' असा मथळा दिला की, संभ्रम उरत नाही. मथळा आटोपशीर असावा. लांबलचक मथळा यादीत अर्ध्यावर तोडला जातो. त्याखाली पानाचा सारांश देणारी एकदोन वाक्ये लिहिण्याची सोय असते. शोधयंत्र नेहमी तीच दाखवील असे नाही, तरी ती नेटकी लिहावीत.

नंतरचा मजकूर असा असावा: "बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून, साखर घालून, मंद आचेवर परतलेली तपकिरी रंगाची मिठाई. आमच्या दुकानी तो रोज सकाळी तयार होतो. अर्धा किलो आणि एक किलो अशा डब्यांत मिळतो. डब्यावर तो केल्याचा दिवस आणि कधीपर्यंत खावा तो दिवस लिहिलेला असतो. पुण्या-मुंबईस पाठविण्याची सोय आहे. ऐन उन्हाळ्यात मात्र आम्ही बाहेरगावी पाठवीत नाही." या शेवटच्या वाक्याने एखाददुसरी मागणी बुडेल, हे खरे. परंतु जो दुकानदार आपली मर्यादा आपण होऊन सांगतो, त्याच्या इतर बोलण्यावरही ग्राहकाचा विश्वास बसतो.

अक्षर आणि गावाचे नाव

समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला आहे. वाचणाऱ्याला सुखाने वाचता यावे असे अक्षर असावे, हा त्याचा आशय. यंत्राच्या बाबतीतही पहिली अट हीच आहे. पूर्वी संगणकावर मराठीसाठी जे नानाविध टंक वापरले जात, त्यांतील अनेकांत पडद्यावर देवनागरी दिसे. पण आतील संकेत रोमन अक्षरांचेच असत. माणसाला 'कुंदा' दिसे आणि यंत्राला निरर्थक अक्षरांची माळ! युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्थान आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, तो त्यासाठी.

दराचा तक्ता किंवा दुकानाचा पत्ता चित्ररूपाने चिकटवून देण्याची प्रथाही टाळावी. चित्रातील अक्षरे यंत्र बिनचूक वाचीलच असा भरवसा नसतो. चित्र दिलेच, तर त्यात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर जोडावा. असा मजकूर अंध वाचकांना त्यांचे वाचनयंत्र मोठ्याने वाचून दाखविते. जे यंत्रासाठी करावे, ते माणसाच्याही उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो गावाच्या नावाचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय नाव 'बेळगावी' झाले. पण मराठी घरांत 'बेळगाव' हेच नाव नित्याच्या बोलण्यात आहे. ग्राहक दोन्ही नावांनी शोधतात. तेव्हा पत्त्यात शासकीय नाव द्यावे, वर्णनात बोलण्यातले नाव येऊ द्यावे. त्यात कोणाचाच अवमान नाही. ग्राहक कानडी, हिंदी आणि इंग्रजीही बोलणारे असतील, तर त्या त्या भाषेचे वेगळे पान त्या भाषेच्या जाणकाराकडून लिहवून घ्यावे. यंत्राने केलेले भाषांतर न तपासता छापणे म्हणजे पाहुण्याला अर्धे कच्चे अन्न वाढणे होय. मराठी पानाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. आपल्या भाषेत कोणी विचारले आणि आपल्याच भाषेत उत्तर नसले, तर तो दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

फसवणुकीचा शेवट

आता काही चतुर मंडळी म्हणतील, "यंत्राला शब्दच हवे ना? मग एकच शब्द पन्नास वेळा लिहू!" असे प्रयोग पुष्कळ झाले. 'बेळगावचा कुंदा, स्वस्त कुंदा, प्रसिद्ध कुंदा, कुंदाच कुंदा' अशा माळा ओवल्या गेल्या. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपविले गेले. माणसाला दिसू नयेत आणि यंत्राने मात्र वाचावेत! शोधशब्दांची यादी पानाच्या अंतर्भागात, माणसाला न दिसणाऱ्या जागी घालण्याची पद्धतही होती. त्या यादीचा आपण क्रम लावताना मुळीच विचार करीत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले.

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे ठेवले असता काय होते, याचा धडा एका जगप्रसिद्ध मोटार कंपनीस मिळाला. २००६ च्या फेब्रुवारीत गूगलने बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ आपल्या सूचीतून काढून टाकले. तेथे काही पाने केवळ यंत्रासाठी रचलेली होती. 'वापरलेली मोटार' या अर्थाचा जर्मन शब्द त्यांत वारंवार पेरला होता. आणि माणूस तेथे आला की, त्याला तत्काळ दुसऱ्याच पानाकडे वळविले जाई. कंपनीने ती पाने हटविल्यावर थोड्याच दिवसांत तिला सूचीत पुन्हा जागा मिळाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या पेठेतील दुकानाची काय कथा!

२०११ साली उथळ मजकुराची पाने मागे सारणारा मोठा बदल गूगलने केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, माणसांच्या उपयोगासाठी लिहिलेल्या मजकुराला वर आणण्याच्या उद्देशाने आणखी एक बदल झाला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मजकुराचा दर्जा तपासणाऱ्यांसाठी असलेल्या मार्गदर्शनात लेखकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचाही समावेश करण्यात आला. या साऱ्याचा रोख एकच आहे. यंत्र दिवसेंदिवस माणसासारखे वाचावयास शिकत आहे. आज त्याला चुकविण्याची युक्ती साधली, तरी उद्या ती निरुपयोगी ठरते. माणसाच्या उपयोगाचे खरे वाक्य मात्र आजही चालते आणि उद्याही चालेल.

सारांश, वाचक दोन दिसले तरी मजकूर एकच लिहावयाचा आहे. ग्राहकाचा शब्द वापरावा, त्याच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे, दर, वजन, वेळ, पत्ता स्पष्ट लिहावा आणि जे खरे नाही ते लिहू नये. कढईपाशी पंचवीस वर्षे उभ्या राहिलेल्या वडिलांना जे ठाऊक आहे, ते जगातील कोणत्याही यंत्राला आपण होऊन ठाऊक नसते. ते त्यांच्याकडून ऐकून शुद्ध मराठीत उतरविणे, हेच घरातील शिकत्या मुलाचे खरे काम.

या सुटीत प्रत्येकाने एक अभ्यास करून पाहावा. घरच्या अथवा शेजारच्या एका व्यवसायात जाऊन ग्राहकांचे दहा प्रश्न टिपावेत, त्यांची उत्तरे दुकानदारांना विचारून दीडशे शब्दांत लिहावीत आणि तो मजकूर आपल्या आजीला वाचून दाखवावा. तिला तो एका वाचनात कळला, तर दोन्ही वाचकांना तो कळेल, असे समजण्यास हरकत नाही.